रस्सा पाजला, फोड कुठे गेली?

(व्याख्यानमालेत एका आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर 'मांसाहार : कुणी, किती, कसा' असा विषय छापलाय. तिथवर मी येणार आहे. त्याआधी बरीच वर्षं मनात साचलेलं एक बोलून घेते, आणि ते बोलायला कोल्हापूरपेक्षा चांगली जागा मला मिळायची नाही. अळणी म्हणजे मटण शिजल्याचं बिनतिखटाचं पाणी, नळी म्हणजे आत गर असलेलं पोकळ हाड, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. शिवाय आज गुरुवार. हेच व्याख्यान बुधवारी असतं तर पांढऱ्या रश्शाचं नाव काढताच निम्मी मंडळी मटणावर ताव मारायला उठून घरी गेली असती. (हशा)

आता जरा हात वर करा. रविवारी मटण झालं की तुमच्या घरात नळी कुणाच्या ताटात पडते? ... वडिलांच्या. बरं. धाकट्याच्या. जावई आले तर जावयांच्या, हे तर ठरलेलंच. (हशा) दुसऱ्या प्रश्नाला हात वर करू नका, नुसतं आठवा. जिनं मटण धुतलं, वाटण वाटलं, भाकऱ्या थापल्या, ती सगळ्यांची जेवणं उरकून पानावर बसते तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं? रस्सा. एखादं हाड आणि रस्सा.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आजारी माणूस, बाळंतीण, वाढतं पोर, दात गेलेली आजी, या सगळ्यांना आपण मायेनं रस्सा पाजतो. अंगाला लागणारी मटणाची फोड मात्र आधीच धडधाकट असलेल्याच्या ताटात जाते. 'रश्शात सगळा अर्क उतरतो' असं म्हणून आपण मनाचं समाधान करून घेतो. तो अर्क तेवढा उतरत नाही.

मी एका मोठ्या रुग्णालयात आहार विभागात होते. हाडांच्या वॉर्डात संध्याकाळी भेटीची वेळ झाली की थर्मासच थर्मास. कुणाचा पाय मोडलेला, कुणाचं मनगट, आणि प्रत्येकाच्या उशाशी पाया सूप, म्हणजे बकऱ्याच्या पायांचं सूप. तिथे एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा कामावरून सुटला की खाटकाकडे जाऊन पाय घ्यायचा, सून ते जाळावर भाजून, खरवडून, मिरी-आलं-लसूण घालून मंद आचेवर तासन्‌तास ठेवायची. थर्मास उघडला की वॉर्डभर वास सुटायचा, शेजारच्या खाटांवरची माणसं मान उंचावून बघायची. त्या दोघांच्या कष्टांना मी तेव्हाही मनोमन हात जोडले होते, आजही जोडते. पण आजी दिवसागणिक उतरत चालल्या होत्या. दंड सैल पडले, उभं राहायची ताकद येईना. मी मुलाला विचारलं, "आजी दिवसभरात खातात काय?" तो म्हणाला, "पाया पितीय की ताई, दोन्ही वेळेला. वर काय द्यायचं अजून?"

जेवणाच्या वेळेला वाटीभर गरम, तुपकट सूप पोटात गेलं की भूक मरते. आजींच्या दोन्ही जेवणांची जागा सुपानं घेतली होती. "आणि घरी मटण होतं तेव्हा?" "ते पोरं खातात. आईला चावत नाही." मी म्हटलं, चावत नसेल तर खिमा करा, आणि पाहिजे तर तुमच्या त्या पायाच्या रश्शातच शिजवा! घरात पैसा होता, माया होती, मटणही होतं. वाढताना फक्त वाटी चुकत होती. असं घर मी एकच पाहिलं असतं तर आज इथे उभी राहिले नसते.

'हाडं उकळली म्हणजे कॅल्शियम मिळणारच' ही समजूत फार घट्ट आहे. हाडातला चुना साध्या पाण्यात सहज विरघळत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मॅकन्स आणि विडोसन या मातब्बर संशोधकांनी लहान बाळांना पाजायचं हाडांचं सूप तपासलं होतं, 1934 मध्ये. पोषणाच्या दृष्टीनं त्यात फारसं काही नाही, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. दुधात 100 मिलिलिटरला साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि नाचणीत 100 ग्रॅमला 300 च्या वर. हाड जुळून यायला कॅल्शियम हवं असेल तर नाचणीची भाकरी खा, काट्यासकट चावून खाता येणारे सुके मासे खा. पाया प्यायचा तर चवीसाठी खुशाल प्या.

आता थोडं पॅरिसला जाऊ. ही माझी आवडती गोष्ट आहे, लांबली तर संयोजकांनी रागावू नये.

तुमच्या घरातल्या कुकरचा मूळपुरुष हाडांसाठीच जन्माला आला, हे माहीत आहे? दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं ठेवलं. आत वाफ कोंडायची आणि कडक हाडं मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून त्याला झडपही बसवली. 1682 मध्ये त्या भांड्यातलं जेवण विद्वानांना वाढलं गेलं, आणि हाडं चीजसारखी मऊ झाली होती अशी नोंद जॉन इव्हलिन या इंग्रज लेखकानं रोजनिशीत केली. टाकून द्यायच्या हाडांतून गरिबाचं पोट भरेल, ही आशा तिथून सुरू झाली.

पुढे फ्रान्समध्ये क्रांतीच्या धामधुमीत अन्नाचा तुटवडा पडला आणि त्या आशेनं जोर धरला. मग दार्से नावाचा रसायनतज्ज्ञ आला. हाडं आम्लात भिजवून किंवा वाफेवर धरून त्यांतलं जिलेटिन काढायच्या रीती त्यानं बसवल्या. आपला पायाचा रस्सा फ्रिजमध्ये थिजून थरथरतो ना, ते हेच जिलेटिन. पॅरिसच्या रुग्णालयांत हे सूप गरिबांना वाढलं जाऊ लागलं; सेंट लुई रुग्णालयात तर त्यासाठी खास यंत्र उभारलं होतं. दार्से काही लबाड माणूस नव्हता. गरिबाला स्वस्तात पोषण मिळावं हीच त्याची तळमळ होती. पण रुग्ण कुरकुर करू लागले. काही डॉक्टरांनाही शंका आली. दोने नावाच्या डॉक्टरनं स्वतःवरच प्रयोग केला, तर त्याचं वजन घटलं आणि भूक काही शमेना.

शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीनं समिती नेमली. तिची धुरा फ्रांस्वा माजांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे. या माणसानं 1816 मध्येच कुत्र्यांना नुसती साखर, नुसतं ऑलिव्ह तेल, नुसतं लोणी देऊन पाहिलं होतं आणि ज्यात नायट्रोजन नाही अशा एकाच अन्नावर प्राणी तगत नाही हे दाखवलं होतं. जिलेटिनमध्ये नायट्रोजन भरपूर. मग ते पुरायला हवं ना? समितीनं वर्षानुवर्षं घोळ घातला, लोक चिडले, पण 1841 मध्ये अहवाल आला. नुसतं जिलेटिन दिलेल्या कुत्र्यांनी काही दिवसांनी त्याला तोंड लावणंच सोडलं आणि ते उपासमारीनं गेले. कच्ची हाडं चघळायला दिलेले कुत्रे मात्र तगले. कारण कच्च्या हाडात मगज म्हणजे आतला गर असतो, रक्त असतं, चिकटलेलं मांस असतं.

असं का, याचं उत्तर मिळायला आणखी साठ वर्षं गेली. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, आणि त्यांतली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. त्यांतलंच एक ट्रिप्टोफॅन, ते 1901 मध्ये केंब्रिजला हॉपकिन्स आणि कोल यांनी वेगळं काढलं. जिलेटिनमध्ये ते नसतंच. म्हणजे पायाच्या वाटीत जे थोडं प्रथिन आहे तेही अपुरं आहे; भाकरी, डाळ, अंडं, मांस यांच्या सोबत गेलं तरच त्याचा उपयोग. पॅरिसच्या गरिबांनी तोंड वाकडं करून हे आधीच सांगितलं होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही, म्हणून कुत्र्यांना जीव द्यावा लागला. मला या गोष्टीचं अजूनही वाईट वाटतं.

इंग्लंडमध्येही तेच. तिथे आजाऱ्याला गोमांसाचं पाणी पाजायची पद्धत होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 च्या सुमारास परिचारिकांना बजावून सांगितलं की ते पाणी आटवून बघा, तळाला जेमतेम चमचाभर ऐवज उरतो. पण त्याच पुढे म्हणतात की आजाऱ्याला त्यानं बरं वाटतं, तेवढा गुण त्यात आहे. हे मला फार पटतं. तापातून उठलेल्याला अन्नावर वासना नसते. तेव्हा गरम, खारट, आलं-लसणाचा रस्सा घशाखाली उतरतो, अंगात पाणी आणि मीठ जातं, तोंडाला चव येते, आणि मग तो जेवतो. अळणीचं काम तेवढं आहे, आणि ते मोठं काम आहे. माझं भांडण अळणीवर थांबण्याशी आहे.

लीबिग या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या नावानं 1865 मध्ये कंपनी निघाली. उरुग्वेतल्या फ्राय बेंटोसला गुरं कापायची आणि तीसेक किलो मांसापासून किलोभर अर्क काढायचा... हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. लीबिग राहू द्या.

तर कुणी, किती, कसा. भराभर सांगते.

आपल्याकडे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन लागतं. 50 किलोच्या बाईला 42 ग्रॅमच्या आसपास. अंगावर पाजणारी असेल तर पहिले सहा महिने आणखी साधारण 17 ग्रॅम. बिनहाडाच्या 100 ग्रॅम कच्च्या मटणात विसेक ग्रॅम मिळतं, एका अंड्यात सहा. बाळंतिणीला अळणीची वाटी देताना तिच्यात तीन-चार फोडी घाला, आणि त्या तिनं खाल्ल्या का ते बघा. ती पोराच्या तोंडात घालते, हे मला माहीत आहे. तेव्हा पोराला वेगळं वाढा.

दुसरं, लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. मांसातलं लोह भाजीतल्यापेक्षा सहज अंगी लागतं, आणि थोडं मांस सोबत असलं तर त्याच पानातल्या भाकरीचं, पालेभाजीचं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून एकाला सहा फोडी आणि दुसरीला शून्य यापेक्षा दोघांना तीन-तीन वाढणं घराच्या रक्तासाठी चांगलं. वर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा नको. कलेजी स्वस्त आणि लोहाची खाण; मात्र गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचा अतिरेक नको, तेव्हा डॉक्टरांना विचारून. मुंडी, वजडी (आतडी-पोट), रक्ती (शिजवलेलं रक्त) यांना नाकं मुरडू नका. ज्या घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, त्यांनी जनावरातलं पोषण वाया जाऊ दिलं नाही.

तिसरं, नुसत्या मांसावर राहायचं खूळ. तरुण मुलं मला विचारतात. स्टेफान्सन नावाचा ध्रुवप्रदेश फिरलेला माणूस 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली मांसाहारावर राहिला. वर्षभर तगला, खरं आहे. पण सुरुवातीला चरबी काढलेलं मांस दिलं तेव्हा तो काही दिवसांतच आजारी पडला. चरबी वाढवल्यावर सावरला. एकदोघांच्या वर्षभराच्या अनुभवावर आयुष्याचा आहार ठरवू नका. शिजवलेलं तांबडं मांस आठवड्याला 350 ते 500 ग्रॅमच्या आत ठेवा, आणि सॉसेज, सलामी रोज तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्येच प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आहे.

चौथं, जे खात नाहीत त्यांनी खाल्लंच पाहिजे असं मी म्हणत नाही. भाकरीसोबत उसळ आणि दूध-दही असेल तर प्रथिनाचं भागतं; बी-12 जीवनसत्त्वाकडे मात्र लक्ष ठेवा. पण ज्यांच्या घरी अंडं चालतं त्या पोरांना शाळेत अंडं मिळालं पाहिजे. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या शाळांत ते आठवड्यातून एकदा सुरू झालं, आणि जानेवारी 2025 मध्ये शासनानं त्याचा निधी काढून घेतला. याचा मला राग आहे आणि तो मी इथे बोलून दाखवते.

दोन चिठ्ठ्या घेते. 'दात नसलेल्यांना खिमा कोरडा लागतो.' कुकरला पाणी जास्त ठेवा, शिजल्यावर रवीनं घुसळा, वर अळणी ओता. चमच्यानं खाता येतो. दुसरी, 'वडिलांना किडनीचा विकार आहे, पाया चालेल का?' मीठ, पोटॅशियम, प्रथिन, तिन्हींचा हिशोब त्यांच्या रिपोर्टवर ठरतो. रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तोवर घरच्या अंदाजानं काही पाजू नका.