तीट

नमस्कार मंडळी.

'परदेशातली मराठी आई' या विषयावर दहा मिनिटं बोला, असं कार्यवाहांनी सांगितलं होतं. मी भाषण लिहूनही ठेवलं होतं. त्यात जात्यावरच्या ओव्या होत्या, डिंकाचे लाडू होते, तुम्ही डोळे पुसावेत म्हणून एक जागाही राखून ठेवली होती. ते भाषण माझ्या लेकीने बिघडवलं.

२६ जानेवारीला सकाळी आपलं झेंडावंदन, नंतर मिसळ. कन्या सोळा वर्षांची. म्हणाली, मी येत नाही, मेलबर्न शहरात मोर्चाला चाललेय. मी म्हटलं, अगं, प्रजासत्ताक दिन आहे. तर म्हणे, "तुमचा. इथे १७८८ साली याच तारखेला परक्यांनी सिडनीत येऊन झेंडा लावला." पुढे घरात जे व्हायचं ते झालं. आमचे हे कटाचं पातेलं मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसले, ते आवाज थांबेपर्यंत काही उतरले नाहीत.

संध्याकाळी ती उन्हाने लाल होऊन परतली. पार्लमेंटसमोर काळ्या-पिवळ्या-लाल झेंड्यांना लागून पॅलेस्टाईनचे झेंडे होते, एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथली मूळ रहिवासी आजी आणि केफिया, तो चौकडीचा रुमाल, घेतलेली पॅलेस्टिनी बाई हातात हात घालून चालत होत्या, असं सांगत होती. मी विचारलं, "पण त्यांचा एकमेकींशी संबंध काय?" आत्ता तुमच्यातले निम्मे मनात हेच म्हणताहेत, मला चेहरे दिसतात इथून. ती बूट काढता काढता म्हणाली, "आई, तुला भीती वाटते माझं मराठी जाईल म्हणून. त्यांची तर मुलंच नेली."

एवढं बोलून ती आंघोळीला गेली. मी आपली उरलेलं फरसाण डब्यात भरत बसले.

आपली सहल इचूकाला जाते. वाफेची बोट, भेंड्या, ठेपले. तिथून तासाभराच्या आत, मरे नदीच्या काठी, कमरागंजा नावाची वस्ती आहे. तिथे बालपण घालवलेल्या दोन बहिणी १९१७ साली डेनिलिक्विन गावाजवळच्या मूनाकुला वस्तीतल्या शाळेतून सरकारी माणसांनी उचलल्या, गोऱ्यांच्या घरी मोलकरणी करायला. त्यातली एक मार्गारेट, पुढे मार्गारेट टकर म्हणून देशभर नाव झालेली. तेव्हा बारा-तेरा वर्षांची पोर. आई हट्टाने गाडीत बसून डेनिलिक्विनपर्यंत गेली. तिथून मुली पुढे गेल्या, आई मागे राहिली. हीच मार्गारेट १९३८ च्या २६ जानेवारीला सिडनीत शोकदिन पाळणाऱ्यांत होती. इतक्या वेळा इचूकाला गेले, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बोटीचं वेळापत्रक मात्र पाठ आहे.

अशी किती मुलं? १९१० ते १९७० या काळात दहातलं एक ते तिनातलं एक, असा अंदाज १९९७ च्या राष्ट्रीय चौकशीत दिलाय. उजळ रंगाची पोरं आधी उचलत, म्हणून आया लेकरांच्या अंगाला कोळसा फासायच्या. आणि २०२३ साली गाझात आईबापांनी मुलांच्या हातापायांवर पेनने नावं लिहिली, ढिगाऱ्यातून काढलं तर ओळख पटावी म्हणून. एका आईला लेकरू ओळखू यायला नको होतं, दुसरीला यायला हवं होतं.

माझी कन्या पाळणाघरात जायची तेव्हा मी तिच्या गालावर तीट लावायची. तिथल्या बाई रोज ओल्या फडक्याने पुसून टाकायच्या, त्यांना वाटायचं मूल धुतलेलंच नाही. मी त्यावर याच मंडळात अर्धा तास बोलले होते, आपल्या संस्कृतीवर घाला वगैरे. जुन्या सभासदांना आठवत असेल, चहा गार झाला होता. तीट पुसली गेली, पण संध्याकाळी मूल घरी यायचं, हे त्या भाषणात कुठेच नव्हतं.

'त्यांची तर मुलंच नेली' असं कन्या म्हणते खरी, पण भाषेचंही सांगते. १९८८ साली वेस्ट बँकमधल्या शाळा इस्रायली लष्कराने बंद केल्या, तेव्हा बायकांनी घराघरांत वर्ग भरवले. मग हे चालवणाऱ्या वस्तीतल्या समित्यांवरही बंदी आली. आपली रविवारची शाळा बंद पाडायला लष्कर लागत नाही, पाऊस पुरतो. आणि ज्या देशात आपण मराठीसाठी गळा काढतो, तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या. मुलं अजून बोलत मोठी होतात अशा उरल्यात जेमतेम डझनभर.

"हे सगळं जुनं झालं," असं मंडळाच्या ग्रुपवर कुणी तरी लिहिलंच. जुनं नाही हो. आजही सरकारी देखरेखीत ठेवलेल्या शंभर मुलांपैकी चाळीसहून अधिक ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरची आहेत. न्यू साऊथ वेल्समधल्या गनेडाच्या आज्या २०१४ मध्ये याच कारणाने रस्त्यावर आल्या.

दुसरा मेसेज होता, "मंडळात राजकारण नको." तोही बरोबरच. आपण फक्त दर कार्यक्रमाला या भूमीच्या मूळ रहिवाशांना वंदन करतो, त्यांच्या जमातीचं वुरुंजेरी हे नाव दर वेळी नव्या पद्धतीने उच्चारतो, आणि लगेच दीपप्रज्वलनाला वळतो. माझ्या पणजीचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं. १९२१ च्या त्या सत्याग्रहात बायाही उतरल्या होत्या, 'जान किंवा जमीन' म्हणत. जमीन गेली, वीज मुंबईला आली. मी त्याच विजेच्या दिव्याखाली अभ्यास करून इंजिनिअर झाले आणि इथे प्लॉट घेतला. पणजीची गोष्ट लेकीला सांगितली तेव्हा मला वाटलं, आता आपण तिच्या बाजूला गेलो. ती म्हणाली, "मग तर तुला कळायला हवं होतं."

२०२३ च्या ऑक्टोबरात जनमत झालं, ॲबोरिजिनल लोकांचा आवाज घटनेत आणायचा की नाही यावर. शंभरात साठ जणांनी नाही म्हटलं. परवा भांडी लावताना तिने विचारलं, "आई, तू काय लिहिलं होतंस?"

मी म्हटलं, मतदान गुप्त असतं.

ती "बरं" म्हणाली. अगदी स्वच्छ मराठीत.