पोरस पुन्हा कॅरम बोर्डवर

नमस्कार मंडळी! समोर कॅरम बोर्ड आहे, पण आज सोंगट्या नाहीत. हे पुठ्ठ्याचे तुकडे बघा, 2011 साली जुन्या लग्नपत्रिकांतून कापलेले. या हत्तीच्या पाठीवर अजून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वाचता येतंय!

तेव्हा आम्ही नौपाड्यात राहायचो. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि मावसभावाने झेलमची लढाई मांडली, इ.स.पू. 326 ची. तो सिकंदर, मी पोरस. तासाभरात हरलो, आणि मग कितीतरी वर्षं फाशाला शिव्या घातल्या. परवा घोडबंदर रोडला सामान हलवताना माळ्यावरून डबा निघाला, आत प्रत्येक चाल लिहिलेली वही. वाचली. फासा निर्दोष होता हो.

नियम डीबीए नावाच्या, प्राचीन लढाया पटावर खेळायच्या खेळाचे, 1990 साली इंग्लंडमध्ये निघालेले. दोन्हीकडे 12 तुकड्या, 60 सेंटिमीटरचं चौकोनी मैदान, म्हणून कॅरम बोर्डवर आरामात मावतं. फाशावर जितके ठिपके तितक्या चाली. हत्ती हलवायला एक ठिपका जास्त लागतो. चार तुकड्या गेल्या की खेळ खल्लास.

आता मूळ लढाई. ग्रीक इतिहासकार एरियन पोरसकडे 200 हत्ती, 300 रथ, 4,000 घोडेस्वार आणि 30,000 पायदळ सांगतो. सिकंदराने बहुतेक घोडदळ स्वतःच्या उजव्या अंगाला, म्हणजे पोरसच्या डावीकडे लोटलं. ते बघून पोरसने आपलेही सगळे घोडेस्वार तिकडेच वळवले, आणि सिकंदराचा कोइनस नावाचा सरदार पाठीमागून येऊन भिडला. कोंडलेलं घोडदळ मागे सरकत थेट हत्तींच्या अंगावर! आणि माझ्या वहीत, चौथी चाल, माझंच अक्षर: 'उजवं घोडदळ डावीकडे.' म्हणजे 2,300 वर्षांनी मी त्याच खड्ड्यात.

मागच्या रविवारी भाऊ ऐरोलीहून आला. या वेळी मी उजवं घोडदळ हलवलंच नाही. कोइनस तिथेच अडला. मी खूश! पण डावी बाजू फाटली, दोनदा फाशावर एकच ठिपका पडला, आणि हत्ती जागच्या जागी उभे. भावाने हलकं पायदळ त्यांच्यावर सोडलं. डीबीएत ते जिंकलं की हत्ती मेलाच. खरोखरच्या लढाईतही भालाफेक्यांनी माहूत टिपले आणि बिथरलेल्या हत्तींनी आपले-परके सगळेच तुडवले. मी हरलो, चाराला तीन.

पण माझी खरी तक्रार पटावर आहे. पटावरचा डाव सुरूच उशिरा होतो! सिकंदराने तळावर क्रेटरस या सरदाराला ठेवून वादळी रात्री सुमारे 27 किलोमीटर वर जाऊन नदी ओलांडली. पोरसने मुलाला 120 रथ देऊन पुढे पाठवलं, ते चिखलात रुतले, मुलगा मारला गेला. हे सगळं आम्ही मांडणीआधीच 'झालं' म्हणून सोडून देतो.

म्हणून पुढच्या डावात रात्र आणि नदीही असेल, आणि रथांची चाल निम्मी. भाऊ पोरस व्हायला तयार झालाय. रथ आधी सोडणारच नाही म्हणतो. बघू.