साष्टीचं कलम

मंडळी, आपण बसलोय तिथून मध्यवर्ती कारागृहाची भिंत फार लांब नाही. ती भिंत म्हणजे ठाण्याचा किल्ला. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी तो आपल्याकडून हिसकावला. त्यामागून जे युद्ध पेटलं त्यात सात-आठ वर्षांत चार तह झाले: सुरत, पुरंदर, वडगाव आणि साल्बाई. चारही तहांत साष्टीचा, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतच्या या बेटाचा, प्रश्न आहे. आज मी त्या एकाच कलमाचा माग काढणार आहे.

सुरतेचा तह मार्च १७७५ चा. पेशवाईसाठी आसुसलेल्या रघुनाथरावदादांनी अडीच हजार फौजेच्या मदतीसाठी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली, वर सहा लाखांचे जडजवाहीर तारण ठेवले. पण ज्या दौलतीतून ते हे देत होते, ती बारभाईंच्या, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांच्या, हाती होती. पेशवे होते पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव, तेव्हा अजून वर्षाचेही नव्हते. इंग्रजांच्या बाजूलाही तोच घोळ. मुंबईने केलेला तह कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारने अमान्य केला आणि कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ ला पुरंदरावर नवा तह केला. त्यात दादांना वाऱ्यावर सोडलं. साष्टी मात्र सोडली नाही.

आता वडगाव. हे जरा सावकाश बघू, कारण माझ्या मते सगळा धडा इथे आहे. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून जेमतेम चार हजारांची इंग्रज फौज दादांना घेऊन पुण्यावर निघाली. सोबत ओझ्याचे हजारो बैल. घाट चढून आल्यावर त्यांची चाल रखडली. मराठ्यांच्या तुकड्या दोन्ही अंगांनी टोचत राहिल्या, कारल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. आपल्याकडे त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणत. शत्रूच्या शौर्याची एवढी कदर आपल्या लोकांनी ठेवली, याचा मला अभिमान वाटतो. जानेवारीत फौज तळेगावला पोचली तर गाव जाळून मोकळं केलेलं. ना दाणा, ना वैरण. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती माघारी फिरली आणि वडगावला कोंडली गेली.

तिथे फौजेबरोबर आलेल्या मुंबईकरांच्या वतीने कार्नाकने तहावर सही केली. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत, बंगालहून येणारी फौज माघारी, दादा आपल्या हवाली. दोन इंग्रज ओलीस ठेवून घेतले आणि फौज सोडून दिली. ती मुंबईला सुखरूप पोचली, आणि मुंबईने कळवलं की आमच्या माणसांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता! बंगालची फौज घेऊन गॉडर्ड फेब्रुवारीतच सुरतेत दाखल झाला.

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करणारा साधा शेतकरीसुद्धा विचारतो, कागद ठीक आहे, ताबा कधी? वडगावला ती फौज सोडणाऱ्या महादजी शिंद्यांसारख्या मुत्सद्द्याबद्दल हे बोलताना मला जड जातं, तरी बोलतो. ठाण्याच्या किल्ल्यावर भगवा चढेपर्यंत ती फौज वडगावातून हलू द्यायची नव्हती. हातातली फौज गेली तिथेच साष्टी गेली.

पुढे गॉडर्डने वसई घेतली, पॉपहॅमने ग्वाल्हेर घेतलं, तर १७८१ मध्ये बोरघाटातून गॉडर्डला मार खात परतावं लागलं. दोन्ही बाजू थकल्या. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या साल्बाई गावी महादजी आणि डेव्हिड अँडरसन यांनी सतरा कलमांचा तह ठरवला, आणि महादजी दोन्ही पक्षांना जामीन राहिले. वसई परत मिळाली. दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. साष्टी, घारापुरी, करंजा इंग्रजांकडेच.

नाना फडणविसांनी त्यावर शिक्का करायला सात महिने लावले. हैदरअली मद्रासच्या बाजूला इंग्रजांशी लढत होता आणि या तहात त्याने घेतलेला मुलूख त्याला सोडायला लावण्याचं कलम होतं. आपल्याच दोस्ताविरुद्धचं कलम! हैदर उभा आहे तोवर इंग्रजांवर दाब आहे, त्या दाबाखाली साष्टी सुटली तर सुटेल, असा नानांचा हिशेब मला दिसतो, आणि तो मला शहाणपणाचा वाटतो. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. २० डिसेंबरला नानांनी शिक्का केला.

पुढची वीस वर्षं इंग्रज-मराठे युद्ध झालं नाही, ही त्या तहाची कमाई आहे आणि मी ती कमी लेखत नाही. तेवढ्या उसंतीत महादजींनी दिल्ली हाताशी धरली. पण वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतची ही भूमी, जिथे आपण आज बसलो आहोत, ती पुन्हा पुण्याच्या दप्तरात चढली नाही.