बाहुलीभोवतीचं कडं

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात घाऱ्या डोळ्यांचं कौतुक फार. स्थळ सांगून आलं की 'मुलगी गोरी आहे, घारी आहे' हे अजून कानावर येतंच. हा घारा रंग, किंवा आपल्यापैकी बहुतेकांचा तपकिरी, असतो बाहुलीभोवतीच्या गोल कड्याचा. डॉक्टर त्याला आयरिस म्हणतात, शाळेच्या पुस्तकात परितारिका. रंगाचं आपण इतकं बोलतो, पण या कड्याचं काम डोळ्यात उजेड किती घ्यायचा ते ठरवण्याचं. भर उन्हात ते बाहुली साधारण दोन मिलिमीटरपर्यंत आवळतं, अंधारात सात-आठपर्यंत मोकळी सोडतं. आपल्याला पत्ताही लागत नाही.

काही मुलं या कड्याशिवायच जन्माला येतात. याला अनिरिडिया म्हणतात. पन्नास हजार ते एक लाख मुलांमागे एक, असं हे प्रमाण. बाकीच्यांचं कडं फाटतं ते मार लागून. दिवाळीतला फटाका, विटीदांडूतली विटी, ग्राइंडरवरून उडालेली कपची.

माझ्याकडे भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण येतो. तारेचा तुकडा डोळ्यात गेला, कडं फाटलं, जखम शिवली, पुढे मोतीबिंदू झाला, तोही काढून कृत्रिम भिंग बसलं. तक्त्यावरची अक्षरं बऱ्यापैकी वाचतो. पण कात्रजच्या बोगद्यातून स्कूटर बाहेर काढली की समोर सगळं पांढरंफेक, आणि ते निवळत नाही. तुम्हाआम्हाला क्षणभर दिपतं, त्याला घरी पोहोचेपर्यंत दिपलेलं असतं. त्यात डोळे गडद तपकिरी. काळी बाहुली कुठे संपते आणि कडं कुठे सुरू होतं, हे लांबून कळतच नाही. त्यामुळे घरचे म्हणणार, ''ऑपरेशन झालं ना? मग घरात गॉगल कशाला?'' घाऱ्या डोळ्यात हीच मोडतोड शेजाऱ्यालाही दिसली असती.

अशा वेळी आधी साधे उपाय करायचे. उन्हात काळा होणारा चष्मा, पुढे झाप असलेली टोपी, मधे बाहुलीएवढी जागा मोकळी ठेवलेली रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स. कडं थोडंच फाटलं असेल तर टाके घालून बाहुली लहान करता येते. या टाक्यांची एक सुटसुटीत पद्धत आपल्याकडच्याच डॉक्टरांची आहे. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली.

टाके घालायलाही काही उरलेलं नसेल, तेव्हा कृत्रिम आयरिसचा विचार होतो. जर्मनीतल्या एर्लांगेनची ह्यूमनऑप्टिक्स ही कंपनी ती बनवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ३० मे २०१८ रोजी तिला मान्यता दिली. अशा प्रकारच्या आयरिसला तिथे मिळालेली ही पहिलीच. ही सिलिकॉनची पातळ, घडी होणारी चकती आहे. व्यास १२.८ मिलिमीटर, मधे ३.३५ मिलिमीटरचं भोक. रुग्णाच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्याचा फोटो तिकडे पाठवतात आणि त्याबरहुकूम चकती हातानं रंगवली जाते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर ती त्या डोळ्याच्या मापानं गोल कापतात, घडी करून छोट्याशा छेदातून आत सरकवतात, आत ती उलगडते, मग कडा नीट बसवायच्या. आधार नसेल तर टाक्यांनी अडकवायची. दोन्ही डोळ्यांत कडं नसेल तर रंग निवडावा लागतो. तेव्हा कोणी तरी मावशी 'घाराच मागव की' म्हणणार, हे मी आत्ताच सांगतो!

अमेरिकेतल्या चाचणीत ३८९ रुग्ण होते. सत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी उजेडाचा त्रास बराच कमी झाल्याचं सांगितलं. ९४ टक्के जण डोळ्याच्या दिसण्यावर समाधानी होते. मात्र चकती सरकणं, डोळ्यातला दाब वाढणं, सूज, पुन्हा शस्त्रक्रिया, हेही काहींच्या वाट्याला आलं. शिवाय हे भोक आवळत नाही की पसरत नाही. तिन्हीसांजेला जरा अंधुक वाटणार. आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालून उपयोग नसल्यामुळे आतला पडदा कडेपर्यंत तपासणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

आता जरा कडक बोलतो. ही चकती बसते ती डोळ्याच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे आयरिसच्या जागेमागे, स्वतःचं भिंग आधीच काढलेल्या डोळ्यात. परदेशात नुसता रंग बदलण्यासाठी ज्या चकत्या घालतात, त्या धडधाकट डोळ्यात, खऱ्या आयरिसच्या पुढे ठेवतात. तिथे जागा फार थोडी. चकती पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशींना घासते, डोळ्यातलं पाणी निघून जाण्याची वाट अडवते. काचबिंदू होतो, पारपटल धुरकट होतं, चकती काढावी लागते, आणि गेलेली नजर परत येत नाही. इन्स्टाग्रामवर निळे डोळे पाहून कुणी विचारायला आलं, तर मी चहा पाजून परत पाठवतो.

अनिरिडिया असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी. या मुलांची नजर अधू असते ती केवळ कडं नसल्यामुळे नव्हे. दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्यातल्या आतल्या पडद्याचा, मध्यभागच पुरता घडलेला नसतो, त्यामुळे चकतीनं उजेडाचा त्रास कमी झाला तरी चष्म्याचा नंबर जाईल किंवा फळा लख्ख दिसेल, अशी आशा धरू नये. दुसरं म्हणजे घराण्यात कुणाला हा दोष नसताना बाळाला असेल, तर जनुकांची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्याच. काही मुलांत कडं घडवणाऱ्या जनुकाच्या शेजारचं जनुकही गळालेलं असतं आणि मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा एक कर्करोग, होण्याचा धोका असतो. लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. शाळेत मात्र बाईंना भेटून सांगा, त्याला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ येईल असं बसवा, आणि वर्गातही टोपी घालू द्या.

नमस्कार.