माझ्या एकटीवर

(लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दिवसांत नागपुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सायंकाळच्या सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

पाळकसाहेबांनी आत्ता माझी ओळख करून दिली. ताई महिला मंडळाच्या चिटणीस, संडे स्कूल त्यांच्याकडे, हंगामाच्या सणाचा, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या सणाचा लिलाव त्यांच्याकडे, नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरायच्या कॅरल राऊंडची गाडीसुद्धा त्याच ठरवतात. ऐकताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आजचा विषय देवासोबतचा एकांत आहे, आणि त्या हिशेबानं बघितलं तर ही सगळी यादी माझ्याविरुद्धचा पुरावाच झाली.

दोन वर्षांपूर्वी सणाच्याच दिवशी, हॉलच्या पायऱ्यांवरून भोपळ्याची टोपली घेऊन उतरताना माझा पाय घसरला. घोट्याचं हाड मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टर पडलं. आमचे हे म्हणाले, बरं झालं, आता निवांत बायबल तरी वाचशील. मी पलंगावर टेकून बायबल उघडलं तर आतून एक कागद पडला. लिलावाची यादी होती, माझ्याच अक्षरात. भोपळा १२०. गावरान कोंबडी ६५०. संत्र्यांची टोपली ४००, उधार. (ते चारशे अजून यायचेत. ते बंधू आज आलेत, मी तिकडे बघत नाही.) ही यादी लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायात, मार्था-मरीयेच्या गोष्टीत निघाली असती तर आजच्या व्याख्यानाला फार शोभलं असतं. पण ती निघाली गणनेच्या पुस्तकात. आदल्या वर्षीच्या सणाची होती. म्हणजे वर्षभर तो कागद तिथून हलला नव्हता. आणि याच वर्षभरात रोज सकाळी सहाला मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी वचन टाकत होते! दुसऱ्या कुणाकडून आलेलं पुढे ढकलायचं, खाली चौदा-पंधरा जणांचं आमेन यायचं, की झाली माझी सकाळची भक्ती.

त्या सहा आठवड्यांत मला एक गोष्ट कळली, तीच सांगायला मी उभी आहे. वेळ मिळाला तरी मला देवासमोर बसता येत नव्हतं. पाच मिनिटांत हात मोबाइलकडे जायचा. इतकी वर्षं मी म्हणत आले की काम आहे म्हणून एकांताला वेळ नाही. खरं उलटं होतं. एकांत टाळायचा होता म्हणून मी कामं ओढून घेत होते. एदेन बागेत आदाम झाडांच्या आड लपला, मी कमिटीच्या आड लपले. आणि कमिटी देवाचीच असल्यामुळे तिथून बाहेर ये म्हणून कुणी सांगतही नाही.

आता मार्थेकडे येऊ. प्रभू येशू तिच्या घरी पाहुणा आला, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था कामाला लागली. लूक म्हणतो, मार्थेची फार कामामुळे तारांबळ झाली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे चहूकडून ओढलं जाणं. आपल्या भाषांतरकारांना 'तारांबळ' सुचला, त्यांना माझा नमस्कार. पुढे प्रभू तिला म्हणतो, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस. तो स्वयंपाक कशाला करतेस असं म्हणत नाही. पाहुणे घरात आल्यावर कुणीतरी चूल पेटवायलाच हवी होती. तो बोट ठेवतो ते दगदगीवर.

मार्थेचं वाक्य नीट ऐका. बहिणीनं माझ्या एकटीवर कामाचा भार टाकला, याची आपल्याला पर्वा नाही काय? एकटीवर! हा शब्द मला ओळखीचा आहे. सणाच्या आदल्या रात्री हॉलमध्ये पताका लावताना मी तो किती वेळा बोलले असेन. घर माणसांनी भरलंय, प्रभू स्वतः ओसरीत बसलाय, आणि मार्था म्हणते मी एकटी.

असाच आणखी एक माणूस आहे, जुन्या करारातला संदेष्टा एलीया. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवला आणि ईजबेल राणीच्या एका निरोपासरशी रानात पळाला. रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, पुरे झालं, माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूतानं उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवण. थकलेल्या सेवकाला देवानं आधी झोप आणि भाकर दिली, हे मला १ राजे १९ मधल्या सगळ्यात आवडतं. आपण पुढे होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेल्या देवाच्या मंद वाणीवर प्रवचनं करतो आणि भाकरीवरून उडी मारून जातो. रात्री बारापर्यंत जागून पहाटे चारला प्रार्थनेला बसलात तर पेंगणारच. त्यात तुमचा विश्वास कमी पडला असं काही नाही, झोप कमी पडली.

मग होरेबवर देव विचारतो, एलीया, तू येथे काय करतोस? आपल्या भाषेत, 'काय करून राहिला तू इथं?' एलीया उत्तर देतो, मी तुझ्यासाठी एवढं केलं, बाकी सगळे फिरले, मीच एकटा उरलो. मग वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतर ती शांत वाणी. पुन्हा तोच प्रश्न. आणि एलीयाचं उत्तर? जसंच्या तसं तेच. एवढं होऊनही वाक्य बदललं नाही. एकांतात एकदा बसलं की माणूस पालटून उठतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं. देव त्याच्याशी वाद घालत नाही. पुढचं काम सांगतो आणि जाता जाता कळवतो, इस्राएलात ७,००० जण आहेत ज्यांनी बाल दैवतापुढे गुडघा टेकला नाही. मीच एकटा म्हणणाऱ्याला हा आकडा. एकटेपण आणि एकांत यांतला फरक मला इथे कळला. एकटेपण गर्दीत येतं, आणि देवासमोर बसल्यावर आपण एकटे नाही हे दिसायला लागतं.

मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू मोठ्या पहाटे उठून रानात प्रार्थनेला जातो. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमातलं सगळं गाव दाराशी लोटलं होतं. शिष्य शिमोन शोधत येतो, म्हणतो, सगळे लोक आपल्याला शोधताहेत. आपला फोन वाजला असता तर आपण धावलो असतो. येशू म्हणतो, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. दाराशी उभे असलेल्यांचं काय झालं, मार्क सांगत नाही. मला हे जड जातं, अजूनही. पण नाही म्हणायची ताकद त्याला त्या पहाटेतून मिळाली, एवढं दिसतं.

आपल्या नागपूरच्या मंडळीला मार्थेचा वारसा आहे, हे कबूल करू. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले तेव्हापासून आपली ओळख शाळा, कॉलेज, दवाखाना. सीताबर्डीचं म्युर मेमोरियल हॉस्पिटल आठवा. त्या कामाबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही. पण याच शहराशी नाव जोडलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळकही आहेत. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण सुरुवात त्याआधी राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात झाली होती. एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार दिला. पुस्तक त्यांना फारसं आवडलं नव्हतं, भिडेखातर वाचेन म्हणाले. पुढे डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि सोडवेना. म्हणजे कवी मिळाला तो कुठल्या सभेत नाही, एकट्यानं वाचत बसण्यातून.

मी काय करते ते सांगते, कुणी विचारेलच. आमच्याकडे साडेपाचला नळ येतो. त्याआधी अर्धा तास स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी खुर्ची टाकते. मोबाइल देवघरात ठेवते म्हणणार होते, पण आपल्याकडे देवघर कुठलं, पिठाच्या डब्यावर ठेवते. एक स्तोत्र वाचायचं, मग गप्प बसायचं. बहुतेक दिवशी काही होत नाही. मे महिन्यात कूलर बंद केला तर घाम, चालू ठेवला तर विमानतळावर बसल्यासारखं. शांतता म्हणजे आवाज नसणं असेल तर ती नागपूरकराच्या नशिबी नाही. मी कूलर चालू ठेवते.

एक राहिलं. योहानाच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, मार्था-मरीयेचं गाव बेथानी, पुन्हा जेवण. तिथे तीन शब्द आहेत: मार्था वाढत होती. तिनं काम सोडलं नाही! मरीया महागडं सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतते, घर सुवासानं भरतं, आणि मार्था यावेळी काही म्हणत नाही. तक्रार करतो तो शिष्य यहूदा.

मरीयेवर प्रवचन करणं सोपं असतं, विशेषतः पुरुषांना, कारण प्रवचन संपलं की चहा तयार असतो. मघापासून मागच्या खोलीतून कपबशांचा आवाज येतोय, तुम्हालाही येत असेल. आपल्या चार बहिणी तिथे उभ्या आहेत, त्यातल्या दोघी दुपारी तीनपासून. एकांतावरचं हे व्याख्यान त्यांच्या वाट्याला आलेलं नाही. बंधूंनो, मागच्या रांगेतल्या कुणीतरी उठा, गॅस बंद करा आणि त्यांना आत बोलवा. आता दहा मिनिटं आपण सगळे नुसते बसणार आहोत. चहा नंतर तुम्ही करा. साखर डावीकडच्या कपाटात आहे.