पनवेल, पद्मा आणि पलाश

नमस्कार मंडळी, आज एका बोटीची गोष्ट सांगतो. बोटीचं नाव आयएनएस पनवेल, हो, आपलं पनवेलच. 10 डिसेंबर 1971, पाकिस्तानशी युद्ध चालू, ठिकाण आजच्या बांगलादेशातलं खुलना. कमांडर मोहन नारायण सामंत पनवेल घेऊन नदीतून निघालेत, सोबत मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या, पद्मा आणि पलाश या बोटी, वरून आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली. आणि तरीही आपलीच विमानं आली अन् पद्मा, पलाश दोन्ही बुडाल्या. पलाशच्या इंजिनरूममधले रुहुल अमीन बोट सोडेनात, त्यांना बांगलादेशानं वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. पनवेल वाचली, सामंतांना महावीरचक्र मिळालं.

मला त्या पायलटचा राग येत नाही हो. विमानाच्या वेगात खालची बोट दिसणार केवढीशी! नौदलाला ठाऊक असलेली गोष्ट त्या क्षणी कॉकपिटपर्यंत पोचलेली नव्हती, बस.

आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही. 27 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपल्याच मिसाईलनं आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं, हवाई दलाचे 6 जण गेले, खाली एक गावकरी गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग लष्कर, नौदल, हवाई दल या तिघांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, त्यात काय एवढं? तर प्रत्येक दलानं आपापले रडार, आपापले रेडिओ घेतलेले, मेसेज पाठवायची पद्धत वेगळी, कोड वेगळे. त्यात एकच विमान दोन रडारना दिसलं आणि घड्याळात किंवा जागेच्या मापात जरा जरी फरक पडला की स्क्रीनवर दोन ठिपके, मग खरं विमान कुठलं, आणि ते आपलं की त्यांचं, हे सगळं ठरवायला हातात काही सेकंद. खरं काम इथे आहे, वायर जोडण्यात नाही.

हवाई दलाची आयएसीसीएस ही सिस्टीम बऱ्याच रडारचं मिळून एकच आकाश दाखवते. लष्करानं 2023 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी आकाशतीर या आपल्या हवाई संरक्षणाच्या सिस्टीमचा 1982 कोटींचा करार केला, मे 2025 च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये ती आयएसीसीएसला जोडलेली होती, म्हणजे तोफेजवळच्या जवानालाही वर आपलं कोण आहे ते दिसतं. नौदलाची त्रिगुण ही सिस्टीमही या जाळ्यात जोडलीय, हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे आधी पलाशच आली.

तुमच्या घरातलं कोणी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात असेल तर आज फोनवर त्यांना ही गोष्ट नक्की सांगा.