सपेलोची लाँच

(दृश्य: सकाळ. मेरिडियनचा धक्का. लाँचची वाट पाहणारी माणसं, पायाशी पिशव्या.)

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा हा किनारा. समोरच्या सपेलो बेटाला पूल नाही. किराणा असो की रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं लाँचमधूनच यायचं. बेटावरची शाळा १९७८ साली बंद झाली.

तरी तिथल्या हॉग हॅमक वस्तीत काही डझन कृष्णवर्णीय माणसं राहतात. गिची म्हणतात त्यांना. बरीचशी उतारवयाची. थॉमस स्पॉल्डिंगच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचे हे वंशज. पूर्वी बेटावर त्यांच्या अनेक वाड्या होत्या. धनाढ्य तंबाखूवारस रेनॉल्ड्स यांनी त्या एकेक करून उठवल्या आणि सगळ्यांना या एका वस्तीत आणलं. उरलेलं जवळजवळ सगळं बेट आज सरकारचं आहे.

(दृश्य: घराच्या दाराची निळी चौकट.)

या निळ्या रंगामुळे भुतं उंबऱ्याच्या आत येत नाहीत, अशी गिची लोकांची समजूत. घरपट्टीची नोटीस मात्र येते. बाहेरच्यांनी इथे सुट्टीची घरं बांधली, जमिनीचे भाव चढले आणि २०१२ साली काहींचा कर एकदम कित्येक पटींनी वाढला.

त्यात जमीन सामाईक. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे सगळे वारस हिस्सेदार. सातबाऱ्यावर पंधरा नावं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दूरच्या शहरातल्या एका चुलतभावाने हिस्सा विकला, की घेणारा कोर्टात वाटप मागणार आणि अख्खी जमीन विक्रीला निघणार. जॉर्जियाने २०१२ मध्ये कायदा बदलला. आता तो हिस्सा आधी घरच्यांना विकत घेता येतो. पैसे असले तर.

२०२३ मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, घराची कमाल मर्यादा १,४०० चौरस फुटांवरून ३,००० वर नेली. मोठे बंगले म्हणजे पुन्हा करवाढ. रहिवाशांनी सह्या गोळा करून सार्वमत मागितलं. ते घेता येईल, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.

(दृश्य: बेटावरचा धक्का. पाण्यावर उतरणारा रॅम्प.)

म्हाताऱ्या, अपंग माणसांना लाँचमध्ये चढता येत नाही, ही तक्रारही रहिवाशांनी २०१५ मध्येच कोर्टात नेली होती. पाच वर्षांनी राज्याने तडजोड केली. व्हीलचेअर जाईल असा ॲल्युमिनियमचा नवा रॅम्प बसला.

१९ ऑक्टोबर २०२४. वस्तीचा सांस्कृतिक दिन. उत्सव आटोपून माणसं परतीच्या लाँचसाठी त्याच रॅम्पवर उभी होती. रॅम्प तुटला. सात जण गेले. त्यांतला सगळ्यांत लहान ७३ वर्षांचा होता.

(दृश्य: लाँचचा भोंगा. पडदा काळा.)